नाकेबंदीच्या पलीकडचा गव्हर्नर: मागणीनुसार छापून घेतलेल्या एका जुन्या चरित्राचे परीक्षण

मागणीनुसार पुस्तक छापून देणाऱ्या सेवा मुंबईत आता चांगल्या रुळल्या आहेत. स्वामित्वहक्काची मुदत संपलेल्या जुन्या ग्रंथांची लांबलचक यादी त्यांच्याकडे असते. त्यातील एखादा ग्रंथ निवडून पैसे भरले, की त्याची एकच प्रत छापली जाते, बांधली जाते आणि घरपोच येते. अशाच एका सेवेकडून मी अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्याचे गव्हर्नर झेब्युलन बेअर्ड व्हॅन्स यांचे चरित्र मागवले. व्हॅन्स १८९४ मध्ये निधन पावले आणि त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत त्यांच्या चाहत्यांनी जी चरित्रे लिहिली, त्यांपैकी हे एक. सेवेचे नाव मी देत नाही, कारण या प्रतीत जे दोष आढळले ते या धंद्यात सर्रास आढळतात. आणि ग्रंथाचे नाव देत नाही, कारण येथे परीक्षण मूळ ग्रंथाचे नसून माझ्या हातात पडलेल्या प्रतीचे आहे. माझे मत आधीच सांगून टाकते. कागद बरा आहे, बांधणी वाईट आहे, आणि ज्या गोष्टीची या पुस्तकाला सर्वाधिक गरज होती ती, म्हणजे चार पानांची का होईना पण जाणत्या माणसाने लिहिलेली प्रस्तावना, यात नाही.

हे चरित्र मुंबईत बसून कोणी का वाचावे, असा प्रश्न मला घरातही विचारला गेला. त्याचे उत्तर आपल्या शहराच्या इतिहासातच आहे. १८६१ ते १८६५ या काळात मुंबईत कापसाने जो पैसा ओतला त्याची कथा आपल्याला शाळेपासून ठाऊक असते. इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसातील तीन-चतुर्थांशाहून अधिक कापूस अमेरिकेतील यादवी युद्धापूर्वी त्या देशाच्या दक्षिणेकडील राज्यांतून येत असे. एप्रिल १८६१ मध्ये अध्यक्ष लिंकन यांनी संघराज्यातून फुटून निघालेल्या दक्षिणेच्या राज्यांच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली आणि लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांची नजर खानदेश, वऱ्हाड आणि गुजरातच्या कापसाकडे वळली. प्रेमचंद रायचंद, बॅक बे रेक्लमेशन कंपनीच्या पाच हजारांच्या शेअरला आलेला दहापट भाव, रातोरात निघालेल्या बँका, आणि १ जुलै १८६५ रोजी वायद्यांची देणी चुकवण्याची वेळ येताच कोसळलेला सारा डोलारा, हे सगळे आपल्या बाजूचे चित्र. प्रेमचंद यांच्याच देणगीतून उभ्या राहिलेल्या राजाबाई टॉवरकडे पाहणाऱ्या प्रत्येकाला ते थोडेफार माहीत असते. ज्यांचा कापूस बंदरात अडकून पडला होता, त्या बाजूचे चित्र मात्र मराठी वाचकापुढे फारसे येत नाही. व्हॅन्स हे त्या बाजूचे एक प्रमुख पात्र आहेत, आणि त्यातही विशेष असे, की नाकेबंदी चुकवून कापूस बाहेर काढण्याचा उद्योग त्यांनी राज्य सरकारच्या नावाने, सरकारी जहाजातून केला.

प्रत आली ती पुठ्ठ्याच्या चपट्या खोक्यात, कोपरे न दुमडता. वेष्टन उत्तम होते, त्याबद्दल तक्रार नाही. मुखपृष्ठावर मात्र पहिलाच धक्का बसला. गुळगुळीत, चकचकीत आवरणावर सूर्यास्ताच्या पार्श्वभूमीवर उभ्या असलेल्या एका सैनिकाचे चित्र आहे, आणि त्या सैनिकाच्या अंगावर निळा गणवेश आहे. निळा गणवेश उत्तरेच्या, म्हणजे संघराज्याच्या सैन्याचा. ज्या माणसाने दक्षिणेच्या करड्या गणवेशातील पलटणीचे नेतृत्व केले आणि पुढे गव्हर्नर म्हणून त्याच सैन्यासाठी कापड, बूट आणि ब्लँकेटे मिळवण्यात तीन वर्षे घालवली, त्याच्या चरित्रावर शत्रूचा शिपाई उभा केला आहे. चित्र निवडणाऱ्याने पुस्तक उघडलेच नाही याचा एवढा स्वच्छ पुरावा सहसा मिळत नाही. मलपृष्ठावरील मजकूरही असाच सर्वसाधारण आहे. हा ग्रंथ सांस्कृतिकदृष्ट्या मोलाचा असून पुढील पिढ्यांसाठी जतन व्हावा म्हणून तो पुन्हा छापला आहे, एवढेच तेथे म्हटले आहे, आणि हेच वाक्य पाककृतींच्या पुस्तकावरही चालले असते.

आतील पाने मूळ प्रतीच्या छायाप्रती आहेत. परदेशातील कोणत्या तरी विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा शिक्का शीर्षकपृष्ठावर दिसतो, पूर्वीच्या एखाद्या वाचकाने समासात ओढलेल्या पेन्सिलच्या रेघा करड्या डागांच्या रूपाने उतरल्या आहेत, आणि एका पानाच्या कडेला छायाप्रत काढणाऱ्याच्या बोटाची सावली स्पष्ट आली आहे. या गोष्टी मला खटकल्या नाहीत. जुन्या ग्रंथाच्या छायाप्रतीत एवढे चालायचेच, आणि यंत्राने अक्षरे ओळखून नव्याने जुळवलेल्या मजकुरातील चमत्कारिक चुकांपेक्षा मूळ पान जसेच्या तसे पाहणे केव्हाही चांगले. खटकला तो घडीचा नकाशा. मूळ ग्रंथात राज्याचा नकाशा घडी घालून चिकटवलेला असावा. छायाप्रत काढताना ती घडी उलगडलेलीच नाही. त्यामुळे छापील प्रतीत नकाशाचा डावा तुकडा, त्यावर घडीची जाड काळी रेघ आणि खाली अर्ध्यावर तुटलेले एक गावाचे नाव एवढेच हाती लागते. विल्मिंग्टन बंदर, केप फिअर नदी आणि तिच्या मुखावरचा फोर्ट फिशर किल्ला, म्हणजे ज्या ठिकाणांवर या चरित्राचा निम्मा अर्थ अवलंबून आहे, ती सगळी न उलगडलेल्या उजव्या भागात राहिली आहेत.

आता मजकुराकडे वळते, कारण एवढे दोष असूनही हे पुस्तक मी शेवटपर्यंत वाचले ते मजकुरामुळे.

व्हॅन्स यांचा जन्म १३ मे १८३० रोजी पश्चिम नॉर्थ कॅरोलायनातील बन्कम परगण्यात, डोंगराळ मुलखात झाला. १८४४ मध्ये वडील वारले आणि शिक्षण अडले. पुढे त्यांनी राज्याच्या विद्यापीठाचे अध्यक्ष आणि माजी गव्हर्नर डेव्हिड स्वेन यांना पत्र लिहून ३०० डॉलरचे कर्ज मागितले, ते मिळाले, आणि चॅपल हिल येथे कायद्याचा अभ्यास करून त्यांनी ॲशव्हिलमध्ये वकिली सुरू केली. येथपर्यंतचा भाग गरीब पण हुशार मुलाच्या नेहमीच्या गोष्टीसारखा लिहिला आहे आणि तो भराभर वाचून पुढे जावे. गंमत सुरू होते ती निवडणुकांपासून. व्हॅन्स हे गर्दीला हसवणारे वक्ते होते. डोंगरातील शेतकऱ्यांच्या बोलीत, किस्से सांगत, प्रतिस्पर्ध्याला बोलता बोलता गुंडाळून ठेवण्याची त्यांची हातोटी होती, आणि १८५८ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, ते त्याच जोरावर अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात पोहोचले.

व्हॅन्स हे दक्षिणेचे पुढारी असले, तरी आपले राज्य संघराज्यातून फुटून निघावे या मताचे नव्हते. १८६१ च्या वसंतापर्यंत ते संघराज्यातच राहण्याच्या बाजूने गावोगाव भाषणे देत होते. संघराज्याच्या ताब्यातील फोर्ट सम्टर किल्ल्यावर दक्षिणेने तोफा डागल्याची आणि लिंकन यांनी ७५,००० सैनिक मागितल्याची बातमी आली, तेव्हा आपण संघराज्याच्या बाजूने हात उंचावून बोलत होतो आणि तो हात खाली आला तो फुटून निघणाऱ्याचा हात होऊन, असे त्यांनी नंतर सांगितले. ही आठवण त्यांनी पुढे अनेकदा रंगवली असणार, हे तिच्या सफाईवरूनच कळते; तरीही त्या काळातील हजारो माणसांची कोंडी तिच्यात नेमकी उतरली आहे. त्यानंतर ते सव्विसाव्या नॉर्थ कॅरोलायना पलटणीचे कर्नल झाले, न्यू बर्न आणि माल्व्हर्न हिल येथे लढले, आणि ऑगस्ट १८६२ मध्ये, छावणीतूनच, प्रचंड मताधिक्याने गव्हर्नर म्हणून निवडून आले. तेव्हा ते बत्तीस वर्षांचे होते.

चरित्राचा सर्वांत कसदार भाग पुढचा आहे, आणि मुंबईच्या वाचकाने तोच सावकाश वाचावा. सैन्याला कपडे नाहीत, बूट नाहीत, घरोघरी सूत कातायला हातपिंजण्या नाहीत, आणि बंदरे बंद. अशा स्थितीत राज्य सरकारने आपल्या कापसाच्या तारणावर इंग्लंडमध्ये पैसा उभा केला, जॉन व्हाइट नावाच्या व्यापाऱ्याला प्रतिनिधी म्हणून पाठवले आणि १८६३ मध्ये ‘लॉर्ड क्लाइड’ हे बाजूला चाके असलेले वेगवान वाफेचे जहाज विकत घेतले. त्याचे नाव बदलून ‘ॲडव्हान्स’ ठेवण्यात आले, आणि त्या नावात गव्हर्नरांचे आडनाव दडले होते. विल्मिंग्टनहून कापूस घेऊन निघायचे, अंधारात नाकेबंदीच्या गलबतांमधून सटकायचे, बर्म्युडा किंवा नासाऊ गाठायचे आणि परतताना माल आणायचा, असा हा व्यवहार होता. व्हॅन्स यांनी युद्धानंतर एका भाषणात स्वतःच या मालाची यादी दिली होती: ६०,००० जोड्या हातपिंजण्या, १०,००० विळे, ५०,००० ब्लँकेटे, औषधे, रुग्णालयांसाठी कॉफी. आपल्या कामगिरीची यादी पुढारी स्वतः देतो तेव्हा ती थोडी हात राखून घ्यावी, हे आपल्याला सांगायला नको. पण तोफांच्या आधी हातपिंजण्यांचा आकडा सांगणारा युद्धकालीन राज्यकर्ता मला तरी दुसरा आठवत नाही.

याच प्रकरणात त्यांचे खरे भांडण सुरू होते, आणि ते उत्तरेशी नव्हे तर आपल्याच बाजूच्या सरकारशी. फुटून निघालेल्या दक्षिणेच्या राज्यांच्या संघाचे, म्हणजे कॉन्फेडरसीचे, अध्यक्ष जेफरसन डेव्हिस यांच्या रिचमंड येथील सरकारने १८६४ मध्ये नियम केला, की नाकेबंदी चुकवणाऱ्या जहाजांतील निम्मी जागा केंद्र सरकारला द्यावी. राज्याने स्वतःच्या कापसाने उभ्या केलेल्या व्यापारात केंद्राने हात घालावा, हे व्हॅन्स यांना मान्य होण्यासारखे नव्हते. सक्तीची लष्करभरती, अटकेला न्यायालयात आव्हान देण्याचा, म्हणजे हेबिअस कॉर्पसचा, हक्क स्थगित करणे, दुसऱ्या राज्यातील अधिकारी आपल्या राज्यात नेमणे, घोडदळाने शेतकऱ्यांचे धान्य उचलणे, अशा प्रत्येक बाबीवर त्यांची पत्रे जात राहिली. घोडदळाबद्दल तर त्यांनी युद्धमंत्र्यांना असे लिहिले, की मिसरवर पाठवायची एखादी पीडा परमेश्वराकडे शिल्लक असती तर त्याने अर्धवट शस्त्रांचे आणि अर्धवट शिस्तीचे हे घोडेस्वारच पाठवले असते. केंद्र आणि राज्य यांच्यातील पत्रव्यवहार आपणही वर्तमानपत्रांत रोज वाचतो. त्याला इतकी चव क्वचितच असते.

सप्टेंबर १८६४ मध्ये ‘ॲडव्हान्स’ पकडले गेले आणि ते का पकडले गेले हा तपशील मला फार बोलका वाटला. जहाजासाठी ठेवलेला चांगल्या प्रतीचा, कमी धूर करणारा कोळसा कॉन्फेडरेट नौदलाने आपल्या ‘टॅलहॅसी’ या युद्धनौकेसाठी उचलला होता. ‘ॲडव्हान्स’ला मिळाला तो स्थानिक खाणीतील हलका कोळसा. त्याचा काळा धूर दूरवरून दिसला, वेगही मंदावला, आणि ‘सँटिआगो दे क्यूबा’ या उत्तरेच्या जहाजाने पाठलाग करून ते ताब्यात घेतले. व्हॅन्स यांनी याचा दोष उघडपणे आपल्याच नौदलाला दिला. पुढे जानेवारी १८६५ मध्ये फोर्ट फिशर पडला, विल्मिंग्टन बंद झाले आणि एप्रिलमध्ये जनरल ली यांनी शरणागती पत्करली. तिकडे अमेरिकेचा कापूस पुन्हा बाहेर पडणार अशी चिन्हे दिसू लागताच इकडे मुंबईचे भाव घसरू लागले. या पुस्तकातील १८६४-६५ ची प्रकरणे आणि मुंबईच्या शेअरबाजाराची त्याच महिन्यांची हकीकत शेजारी शेजारी ठेवून वाचली, तर दोन्हीकडच्या तारखा एकमेकींत यंत्राच्या चाकांच्या दात्यांसारख्या अडकत जातात. चरित्रात मुंबईचा उल्लेख नाही, आणि असण्याचे कारणही नाही. हे काम प्रस्तावनेचे होते.

प्रस्तावना नसल्याचा खरा तोटा मात्र याहून मोठा आहे. चरित्रकार व्हॅन्स यांचे भक्त आहेत. त्यांच्या लेखी व्हॅन्स म्हणजे जनतेचा सच्चा कैवारी, नागरी स्वातंत्र्याचा रक्षक, आणि युद्ध म्हणजे राज्याच्या हक्कांचा प्रश्न. गुलाम या चित्रात जवळपास कुठेच नाहीत. असलेच तर मालकाच्या प्रेमळपणाचे दाखले देण्यापुरते. वस्तुस्थिती अशी, की युद्धापूर्वी व्हॅन्स यांच्या मालकीचे सहा गुलाम होते, आणि संघराज्यात राहावे असे म्हणत असतानाच त्यांनी प्रतिनिधिगृहातील भाषणात गुलामगिरीचे समर्थन केले होते. संघराज्यावरची त्यांची निष्ठा आणि गुलामगिरीवरची त्यांची निष्ठा या दोन गोष्टी एकाच माणसात सुखाने नांदत होत्या, हे त्यांच्या आयुष्याचे मर्म आहे, आणि चरित्रकाराने नेमके तेच वगळले आहे. हेबिअस कॉर्पससाठी रिचमंडशी भांडणारा हा वकील कोणाच्या देहस्वातंत्र्यासाठी भांडत होता आणि कोणाच्या नाही, हा प्रश्न पुस्तकात एकदाही डोके वर काढत नाही.

महाराष्ट्रातील वाचकाला तर ही पोकळी अधिकच जाणवावी. ज्योतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली ती अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण करून. पुण्यात बसलेल्या माणसाला त्या युद्धाचा जो अर्थ आठ वर्षांत कळला होता, तो नॉर्थ कॅरोलायनातील चरित्रकाराला त्यानंतर कित्येक वर्षांनी लिहिताना दिसला नाही. की दिसला आणि लिहायचा नव्हता, हे वाचकाने ठरवावे.

एका बाबतीत चरित्रकाराला श्रेय दिले पाहिजे. जानेवारी १८६३ मध्ये मॅडिसन परगण्यातील शेल्टन लॉरेल खोऱ्यात दक्षिणेच्याच सैनिकांनी, संघराज्याचे पक्षपाती असल्याच्या संशयावरून, तेरा माणसे व मुले गोळ्या घालून मारली. निमित्त होते मार्शल गावातील मिठाच्या लुटीचे. त्या हिवाळ्यात मीठ ही डोंगरातील सर्वांत दुर्मीळ वस्तू झाली होती. व्हॅन्स यांनी या प्रकाराची चौकशी लावून धरली आणि जबाबदार अधिकारी लेफ्टनंट कर्नल जेम्स कीथ यांच्यावर कारवाई मागितली. कीथ यांना अखेर शिक्षा झाली नाही. हा भाग पुस्तकात थोडक्यात पण न लपवता आला आहे.

युद्धानंतरची कथा चरित्रकार विजययात्रेसारखी सांगतो. १३ मे १८६५ रोजी, म्हणजे पस्तिसाव्या वाढदिवशी, व्हॅन्स यांना स्टेट्सव्हिल येथे अटक झाली आणि वॉशिंग्टनच्या ओल्ड कॅपिटल तुरुंगात काही आठवडे काढून ते सुटले. मग शार्लटमधील वकिली आली, आणि तिच्यातच टॉम ड्युला या माजी सैनिकाचा गाजलेला खुनाचा खटला आला. आरोपीचा बचाव व्हॅन्स यांनी केला, तो फसला, आणि १ मे १८६८ रोजी ड्युलाला फाशी झाली. १८७६ मध्ये थॉमस सेटल यांच्याविरुद्ध गाजलेली निवडणूक जिंकून ते पुन्हा गव्हर्नर झाले. या दुसऱ्या कारकिर्दीत फेएटव्हिल येथे कृष्णवर्णीय शिक्षकांसाठी सरकारी अध्यापक विद्यालय निघाले, हे पुस्तक अभिमानाने सांगते. त्याच सुमारास विधिमंडळाने परगण्यांचा स्थानिक कारभार मतदारांच्या हातून काढून आपल्याकडे घेतला आणि कृष्णवर्णीयांचे बहुमत असलेल्या पूर्वेकडील परगण्यांत त्यांच्या मताला किंमत उरली नाही, हे पुस्तक सांगत नाही.

रेल्वेचे प्रकरण तर मुळातून वाचण्यासारखे आहे, आणि नंतर दुसरीकडे पडताळून पाहण्यासारखेही. वेस्टर्न नॉर्थ कॅरोलायना रेल्वे ब्लू रिज डोंगर फोडून ॲशव्हिलकडे नेण्यात आली. मार्च १८७९ मध्ये स्वॅनानोआ बोगद्याची दोन्ही टोके एकमेकांना भिडली आणि बन्कममध्ये उजेड शिरला अशी तार व्हॅन्स यांना गेली. तोवर ते अमेरिकेच्या सिनेटमध्ये गेले होते आणि पुढे मरेपर्यंत तेथेच राहिले. चरित्रात ती तार आहे, अभियंत्यांची स्तुती आहे, घाटाचे वर्णन आहे. बोगदा खोदला तो राज्याच्या तुरुंगातून आणलेल्या कैद्यांनी, त्यांतील बहुसंख्य कृष्णवर्णीय होते, आणि या मार्गावर शंभराहून अधिक कैदी मेले, याबद्दल एक ओळ नाही. आपल्या बोरघाटात १८५० आणि १८६० च्या दशकांत मजुरांचे जे झाले ते ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या गप्प बसण्याची जात लगेच ओळखू येईल.

व्हॅन्स यांच्या नावाचे आजच्या काळात काय झाले, हेही अर्थातच या प्रतीत नाही. ॲशव्हिलच्या मध्यवर्ती चौकात १८९८ पासून त्यांच्या स्मरणार्थ उभा असलेला दगडी स्तंभ २०२१ मध्ये उतरवायला सुरुवात झाली, न्यायालयीन वादामुळे काम अडकले, आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये शहराच्या बाजूने निर्णय दिल्यावर उरलेला चौथराही काढला गेला. वॉशिंग्टनच्या कॅपिटल इमारतीतील राष्ट्रीय पुतळ्यांच्या दालनात मात्र, नॉर्थ कॅरोलायनाने १९१६ मध्ये दिलेला त्यांचा पुतळा आहे. तो घडवणारे गटझन बोर्गलम म्हणजे पुढे माउंट रशमोर कोरणारे शिल्पकार. शंभर वर्षांपूर्वीचा मजकूर जसाच्या तसा विकताना या चार ओळी जोडायला छपाई सेवेला असा कितीसा खर्च आला असता? मूळ ग्रंथाची छायाप्रत परदेशी ग्रंथालयांच्या संकेतस्थळांवर फुकट वाचता येते. ग्राहक पैसे मोजतो ते कागदासाठी, बांधणीसाठी आणि कोणीतरी पुस्तकाकडे लक्ष दिले असेल या विश्वासासाठी. या तिसऱ्या गोष्टीचे पैसे सेवेने घेतले आणि ती दिली नाही.

बांधणीबद्दल लिहायचे राहिले. पाने सुटी कापून पाठीला गरम गोंद लावलेली ही बांधणी आहे, आणि पाचशेच्या वर पानांच्या पुस्तकाला ती झेपत नाही. अर्ध्यावर आले तेव्हा पाठ तडकली आणि सोळा-सतरा पानांचा गठ्ठा हातात आला. सेवेला छायाचित्रे पाठवली. उत्तर तत्परतेने आणि नम्रपणे आले, बदली प्रतही देऊ केली, पण ती त्याच बांधणीची असणार हे त्यांनीच मान्य केल्यावर मी ती नाकारली. गिरगावात जुन्या वह्या-पुस्तकांची बांधणी करणारे एक वयस्क बाइंडर आहेत, त्यांच्याकडे पुस्तक नेले. त्यांनी ते उघडले, आतल्या बाजूला अंगठा दाबून पाहिला आणि म्हणाले, “ताई, याला समासच ठेवलेला नाही. टाका घालू कुठं? शिवलं तर अर्धी ओळ आत जाईल.”

“मग काका, काहीच होणार नाही का?”

“होईल. पण शिवणार नाही. पाठ खरवडून, करवतीनं खाचा पाडून, दोरा नि जाळी बसवतो. वरून बकरम. नि हा शिपाई काढून टाकू ना?”

शिपाई काढून टाकला. आता पुस्तक गडद हिरव्या बकरममध्ये, म्हणजे बांधणीच्या जाड कापडात, आहे, टेबलावर सपाट उघडते आणि पाने जागची हलत नाहीत. बाइंडरने घेतलेले पैसे मूळ किमतीच्या पाव भागाहूनही कमी होते, आणि माझ्या मते या सगळ्या खरेदीत पुस्तकाकडे नीट पाहणारे ते एकटेच.

ज्यांना हे किंवा असेच एखादे चरित्र मागवायचे असेल, त्यांनी काही गोष्टी आधी विचारून घ्याव्यात. घडीचे नकाशे आणि तक्ते पूर्ण उलगडून छापले आहेत का, याचे नमुना पान मागावे. बांधणीकडचा समास किती सोडला आहे ते विचारावे. निदान पाऊण इंच नसेल तर पुस्तक पुढे कधीच शिवून घेता येणार नाही. आतला कागद चकचकीत नको, साधा पिवळसर असेल तर डोळ्यांना बरा. आणि पृष्ठसंख्या चारशेच्या वर असेल तर दोन भागांत छापून मिळेल का ते पाहावे. काही सेवा मागितल्यास ते करतात, स्वतःहून सुचवत नाहीत. मुंबईच्या कापूस-काळाचा अभ्यास करणाऱ्याला हे पुस्तक जवळ बाळगण्यासारखे आहे, पण त्याच्या शेजारी गेल्या काही दशकांतील एखाद्या इतिहासकाराने लिहिलेले पुस्तक असल्याशिवाय नाही. ज्यांना केवळ व्हॅन्स यांची ओळख करून घ्यायची आहे, त्यांनी फुकट मिळणाऱ्या छायाप्रतीतील नाकेबंदीची प्रकरणे आणि डेव्हिस यांच्याशी झालेला पत्रव्यवहार वाचावा, बाकीचे सोडले तरी चालेल.

याच सेवेच्या यादीत जॉर्जियाचे गव्हर्नर जोसेफ ब्राउन यांच्याविषयीचेही एक जुने पुस्तक आहे. हे ब्राउन १८५७ ते १८६५ या काळात गव्हर्नर होते आणि सक्तीच्या भरतीवरून डेव्हिस यांच्याशी व्हॅन्स यांच्याइतकेच कडाडून भांडले, त्यामुळे ते मागवण्याचा मोह होतो आहे. तूर्त मी सेवेकडे त्याची नमुना पाने, समासाचे माप आणि मुखपृष्ठाचे चित्र मागितले आहे.